धावपट्टी लांबली, उतरणीचे काय?

अमरावती, खास प्रतिनिधी

अलायन्स एअरचे एटीआर-७२ विमान १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून येऊन बेलोरा विमानतळावर उतरले आणि अमरावतीकरांची अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. १३७२ मीटरची धावपट्टी १८५० मीटरपर्यंत वाढविण्यात महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा बराच काळ गेला. या काळात वऱ्हाडातील चर्चा धावपट्टीची लांबी, टर्मिनलची इमारत आणि रात्रीच्या उतरणीची सोय यांभोवतीच फिरली. डिसेंबरच्या धुक्यात किंवा श्रावणातील खाली आलेल्या ढगात विमानाने त्या धावपट्टीपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. उड्डाण रद्द झाले म्हणून बडनेऱ्याचे रेल्वेस्थानक गाठावे लागणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

मोठ्या विमानतळांवर धावपट्टीजवळच्या आयएलएस यंत्रणेच्या रेडिओलहरी वैमानिकाला दिशा आणि उतार दोन्ही दाखवितात. या यंत्रणेच्या साध्या प्रकारातही धावपट्टी दिसण्याची वाट पाहत २०० फुटांपर्यंत खाली येता येते. बेलोरा किंवा अकोल्याजवळील शिवणी येथे अशी यंत्रणा नाही. दिवसाला मोजकी विमाने येणाऱ्या विमानतळावर तिचा खर्च आणि नियमित तपासणीचा व्याप परवडणारा नसतो. मग उरते ते डोळ्यांनी पाहून उतरणे, आणि त्यासाठी नियमाने पाच किलोमीटरची दृश्यमानता लागते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग आकाशातच आहे आणि तो भारताने स्वतः उभारला आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची 'गगन' यंत्रणा जीपीएसच्या संकेतातील चुका मोजते आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला कळविते. तिच्या देशभरातील १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूरला आहे. उभ्या मार्गदर्शनासह उतरणीसाठी 'गगन'ला २०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. या मार्गदर्शनाने वैमानिक अनुकूल ठिकाणी २५० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे आयएलएसच्या अगदी जवळ. विमानतळावर कोणतेही यंत्र बसवावे लागत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोच्या विमानाने राजस्थानातील किशनगड येथे अशी उतरण करून दाखविली. ते विमानही एटीआर-७२ च होते, हे अमरावतीकरांनी लक्षात घेण्याजोगे.

उपग्रहाधारित उतरण म्हटली की ती सर्व एकाच प्रकारची, असा समज आहे. तो बरोबर नाही. साध्या प्रकारात उपग्रह फक्त दिशा दाखवितो. उंची वैमानिकाने टप्प्याटप्प्याने सांभाळायची असते. दुसऱ्या प्रकारात उताराची रेषा मिळते, परंतु ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकावरून काढलेली असते. तेथे दाबाचा आकडा चुकला तर सगळेच चुकते. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ हा आकडा सांगितला. एअरबस ए-३२० विमान योग्य रेषेपेक्षा सुमारे २८० फूट खालून येत राहिले आणि धावपट्टी सुमारे दीड किलोमीटर दूर असताना जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर पोहोचले. पडद्यावर सर्व काही ठीक दिसत होते. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले म्हणून अनर्थ टळला.

वऱ्हाडात याला उन्हाची जोड मिळते. उंचीमापकाचे गणित प्रमाण तापमान गृहीत धरते. अकोल्याच्या उंचीवर ते सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की कागदावरचा तीन अंशांचा उतार प्रत्यक्षात ३.३ अंशांच्या आसपास जातो. विमान अधिक वेगाने खाली येते आणि तापलेल्या विरळ हवेत त्याचा जमिनीवरील वेगही वाढलेला असतो. आखूड धावपट्टीवर हे दोन्ही नको असते. 'गगन'ची उताररेषा भूमितीने ठरलेली असल्याने तिच्यावर दाबाचा किंवा उन्हाचा परिणाम होत नाही. वऱ्हाडासाठी तिचा आग्रह धरावा तो याच कारणासाठी.

अडचणी आहेतच. विमानात योग्य ग्राहकयंत्र आणि वैमानिकाला प्रशिक्षण हवे. २०१६ च्या नागरी हवाई वाहतूक धोरणात १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या विमानांना 'गगन'ची सक्ती होती. ती मुदत पुढे ढकलली गेली. सूर्यास्तानंतर विषुववृत्तीय पट्ट्यातील आयनावरण खवळते तेव्हा मार्गदर्शनाच्या उपलब्धतेवर परिणाम होऊ शकतो. बनावट जीपीएस संकेतांचा उपद्रवही नवा नाही. त्याबाबत महासंचालनालयाने २०२३ मध्येच सूचना काढल्या. म्हणून 'गगन' आले की सर्व ऋतूंत विमान येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये.

सर्वांत जुनी अडचण जमिनीची आहे आणि ती अकोल्याला अधिक जाचते. शिवणीचा विमानतळ १९४३ मधील. बेलोऱ्याहून कितीतरी जुना, तरीही नियमित प्रवासी सेवेविना राहिलेला. त्याची धावपट्टी १४०० मीटरच्या आसपास असून तिच्या विस्ताराचा प्रश्न डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे घुटमळला. येथे एक बाब बहुधा नजरेआड राहते. धावपट्टी यंत्राधारित उतरणीसाठी वापरायची तर आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, या आकाराच्या विमानतळावर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १४० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा लागतो. केवळ डोळ्यांनी उतरण्यासाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतो. म्हणजे जमीन लांबीसाठी मागितली आणि रुंदीचा विसर पडला, तर धावपट्टी तयार होईल, विमानेही येतील, आणि आकाश भरून आले की ती नागपूरला वळतील. विस्ताराचा नकाशा पुन्हा मंजुरीला जाईल तेव्हा अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी त्यात हा पट्टा आधी पाहावा. बांधकाम झाल्यावर शेजारची जमीन मिळविण्यास किती वर्षे लागतात, हे शिवणीइतके कोणाला ठाऊक असणार?