आरोग्यचर्चा : अंगांत पाणी झालें म्हणजे काय झालें ?

फलटणहून एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. पत्र लांब आहे व घाईनें लिहिलेलें दिसतें. त्यांतील खासगी मजकूर गाळून सारांश तेवढा येथें देतों. त्यांच्या सासूबाईंचें वय ७२. पायांवर सूज आली, रात्रीं उताणें निजवेना, म्हणून त्यांस शहरांतील एका रुग्णालयांत नेलें. आठ दिवसांत लघवी वाढविणाऱ्या औषधांनीं सूज उतरली, वजन ५ किलो घटलें आणि सासूबाई घरीं आल्या. बरोबर मिळालेल्या कागदावर निदानाच्या ओळींत ‘फ्लुइड ओव्हरलोड, ई ८७.७’ एवढेंच लिहिलेलें आहे. घरांतील पुरुषमंडळींनीं याचा अर्थ ‘अंगांत पाणी फार झालें’ असा केला आणि दिवसाकाठीं दोन पेल्यांहून अधिक पाणी द्यावयाचें नाहीं असें ठरवून टाकलें. वैशाखाचें ऊन, जीभ कोरडी पडलेली, आणि सासूबाई सुनेपाशीं चोरून पाणी मागतात. तोंडास चव नाहीं म्हणून पानांत लिंबाचें लोणचें मात्र दोन्ही वेळां असतें. इकडे विमा कंपनीनेंहि ‘सुजेचें कारण नमूद करावें’ म्हणून कागद परत धाडले आहेत. भगिनींचे प्रश्न दोन : पाणी किती द्यावें, आणि हा ई ८७.७ कोण ?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण पहिल्याचें उत्तर त्याच्याच पोटांत आहे.

ई ८७.७ हा रोग नव्हे; रोगांच्या जागतिक सूचींतील तो एका घराचा क्रमांक आहे. अशी सूची करण्याचा उद्योग जुना आहे. १८९३ सालीं शिकागो येथें झाक बर्तियों या फ्रेंच पंडितानें तयार केलेली मृत्युकारणांची यादी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेनें स्वीकारली. पुढें १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हें काम हातीं घेतलें व सहाव्या आवृत्तींत मृत्यूंबरोबर आजारांसहि जागा मिळाली. दहावी आवृत्ति १९९० सालीं मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली आहे व तींत हेंच घर ५सी७८ या क्रमांकाचें आहे; परंतु आपल्या विम्याच्या कागदांवर भेट होते ती बहुधा दहावीचीच.

आपल्या वैद्यांस हा विचार नवा नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वयथु, म्हणजे सूज, हा बारावा अध्याय असून उदररोगांचा तेरावा आहे. अंगावरची सूज आणि पोटांत सांठलेलें पाणी हीं दोन निरनिराळीं प्रकरणें मानिलीं गेलीं. माधवनिदानांतहि तोच भेद पाळला आहे. आजच्या सूचींतहि तेंच दिसेल : नुसत्या सुजेस आर ६०, जलोदरास आर १८, आणि सर्व शरीरांत द्रवाचा भार वाढला असेल तर ई ८७.७. या शेवटच्या घराच्या दारावर तर ‘नुसती सूज असल्यास येथें येऊं नये’ अशा अर्थाची पाटीच लाविलेली आहे.

फलटणकरांस हा भेद सहज पटावा. माउलींची पालखी दरसाल त्यांच्या गांवीं मुक्कामास येते. आळंदीपासून चालत आलेल्या कित्येक वारकऱ्यांचे पाय तोंवर सुजलेले असतात. रात्रीं पाय उशीवर घेऊन निजलें कीं ती सूज बहुधा ओसरते. ती पायांपुरती सूज. तिला कोणी शहाणा डॉक्टर ई ८७.७ म्हणणार नाहीं. उताणें निजलें कीं दम लागतो आणि चार दिवसांत वजन चढतें, ही गोष्ट वेगळी.

पण इतकें नेमकें घर सांपडूनहि कागद अपुराच राहिला. द्रवाचा भार हा परिणाम आहे. हृदय दुबळें झालें असेल, मूत्रपिंडें काम करीनाशीं झालीं असतील, यकृत कठीण झालें असेल, किंवा शिरेंतून सलाईन वा रक्त बेतापेक्षां अधिक गेलें असेल. चोहोंचा शेवट एकच दिसतो. हृदय दुबळें असेल तर मुख्य निदान आय ५०. द्रवाचा भार त्याच्या पोटांतच धरलेला असतो, तो निराळा लिहावा लागत नाहीं. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तर एन १८. विम्याच्या अर्जांत रुग्णालयानें भरावयाच्या भागांत मुख्य निदान, अधिक निदान व सहव्याधि अशीं वेगवेगळीं घरें ठेविलेलीं आहेत तीं यासाठींच. आणि संकेतांक घालणारा कारकून डॉक्टरांनीं लिहिलें तेवढ्याचाच क्रमांक देतो. डॉक्टरांनीं ‘पाणी’ लिहिलें तर तो पाण्याचा क्रमांक देणार. तपासण्यांचे आंकडे पाहून कारण ताडण्याचा अधिकार त्याला नाहीं, व तो नसणें हेंच योग्य होय.

नुसत्या सुजेवर थांबलें तर काय होतें, याचें एक मोठें उदाहरण आहे. १८७७ सालीं कलकत्त्यास घरोघर लोकांचे पाय सुजूं लागले. मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचें तेल मिसळल्यानें हा विकार होतो हें कळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. १९९८ सालीं दिल्लींत तोच प्रकार झाला व ६० हून अधिक माणसें दगावलीं. सूज तीच, औषध मात्र तेलाचा डबा बंद करणें हें होतें.

आतां पाण्याकडे वळूं. आपल्या भाषेनें येथें थोडा घात केला आहे. ‘पाणी झालें’ म्हटलें कीं हात प्रथम तांब्याकडे जातो. तो मिठाच्या बरणीकडे जावयास हवा. सलाईनच्या एका लिटरमध्यें ९ ग्रॅम मीठ असतें, आणि शरीरांत पेशींबाहेर असलेल्या द्रवाचा खारटपणाहि सुमारें तितकाच आहे. म्हणजे ९ ग्रॅम मीठ अंगांत अडकलें कीं तें आपल्याबरोबर एक लिटर पाणी धरून ठेवतें व वजन १ किलोनें वाढतें. सासूबाईंचें ५ किलो वजन उतरलें त्याबरोबर सुमारें ४५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे मीठ शरीराबाहेर गेलें असावें. रुग्णालयानें आठ दिवस खपून जें काढिलें तेंच आतां लोणच्याच्या फोडीबरोबर परत चाललें आहे, आणि शिक्षा होते आहे पाण्याला ! लघवीचें औषध चालू, बाहेर ऊन, आणि पोटांत दोन पेले पाणी, अशानें म्हाताऱ्या माणसास घेरी येते, पडझड होते, मूत्रपिंडांसहि इजा पोंचते. कांहीं रोग्यांस पाणी खरोखरच मोजून द्यावें लागतें. रक्तांतील सोडियम उतरलें असेल किंवा डायालिसिस चालू असून लघवी होत नसेल, तर तें प्राप्तच आहे. पण माप कारणावर ठरतें, आणि कारण तर कागदावर नाहीं.

उपासाच्या दिवशीं सैंधव चालतें म्हणून तें निर्दोष, असा समज आमच्याहि घरीं होता. सैंधव बहुतांशीं तेंच मीठ आहे. पापडखारांतहि सोडियम असतेंच. उलट ‘कमी सोडियमचें’ म्हणून बाजारांत मिळणाऱ्या मिठांत पोटॅशियम घातलेलें असतें. मूत्रपिंडें बिघडलेल्या माणसास तें घातक ठरूं शकतें. तीच गोष्ट शहाळ्याची. हृदयाच्या रोग्यास चाललेली वस्तु मूत्रपिंडाच्या रोग्यास चालेलच असें नाहीं. म्हणूनहि ती रिकामी ओळ भरून घेणें अगत्याचें आहे.

भगिनींनीं यजमानांस त्याच रुग्णालयाकडे पाठवून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणासह दुरुस्त केलेलें डिस्चार्ज कार्ड लेखी मागून घ्यावें. इको झाला असल्यास त्याचा अहवाल व क्रिएटिनिनचा आंकडा सोबत घ्यावा. विमा कंपनीस तोच कागद धाडावा. घरच्यांनीं आपल्या हातानें अक्षरहि त्यांत घालूं नये. रोज सकाळीं लघवी झाल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं, सासूबाईंचें वजन एका वहींत लिहावें. तीन दिवसांत २ किलो वाढलें किंवा पुन्हां दम लागूं लागला तर डॉक्टरांस तत्काळ कळवावें. पाण्याचें माप त्यांस आजच दूरध्वनीनें विचारावें. लोणच्याची बरणी तेवढी माजघरांतून आतांच हलवावी; त्यासाठीं कोणाच्या उत्तराची वाट पाहण्याचें कारण नाहीं.