फ्लेमिंगो दाखवता, नाला का लपवता?

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला आणि सुमारे ६५ चौरस किलोमीटर पाणथळ जागा जगाच्या नकाशावर गेली. ऐरोलीला कांदळवन कक्षाने जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या मदतीने सागरी जैवविविधता केंद्र उभे केले. तिथून होडीत बसवून लोकांना फ्लेमिंगो दाखवतात. या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वरच्या अंगाला चाललेल्या विषप्रयोगाकडे सगळ्यांनी मिळून केलेल्या डोळेझाकीची.

मी डोंबिवलीच्या मानपाड्यात राहतो. एमआयडीसी आमच्या उशाला आहे. मध्यरात्री उग्र वास घरात शिरतो, घाम निथळत असला तरी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, पोरे खोकत उठतात. सकाळी नाल्यावर उभे राहिले की पाण्यावर जाड फेस दिसतो आणि काठाच्या दगडांवर कधी तांबडा, कधी निळसर थर. या गावात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. हे सगळे पाणी शेवटी उल्हासच्या खाडीला मिळते. तिची मोठी धार घोडबंदरवरून वसईकडे जाते, एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीत शिरतो. खाडीकाठच्या मोठागावच्या बंदरावर एक म्हातारा आगरी मला म्हणाला, "दादा, आता मासा आधी हुंगायचा, मगच पाटीत टाकायचा." कुठल्या अहवालात हे वाक्य येणार आहे?

आता जर्मनीतूनच वाहणाऱ्या ऱ्हाइन नदीचे उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत उतरली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मरून पडले. ऱ्हाइनकाठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होता, पण तो खऱ्या अर्थाने कामाला लागला या आगीनंतर. १९८७ मध्ये त्यांनी कृती कार्यक्रम ठरवला: घातक द्रव्ये १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायची, २००० पर्यंत सॅमन मासा नदीत परतला पाहिजे. काठाकाठाने मोजणी केंद्रे चालवली, वर काही सांडले की खालच्या देशांना इशारा जाईल अशी व्यवस्था पक्की केली. एकमेकांशी महायुद्धे लढलेल्या देशांना हे जमले.

आमच्याकडे २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. माणसे मेली, पंचनामे झाले, चौकशीच्या घोषणा झाल्या. त्या आगी विझवलेले पाणी कुठल्या नाल्याने गेले आणि खाडीत काय उतरले, याचा हिशेब माझ्यासारख्या रहिवाशाला कुणी दिला नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर सुमारे ९५ कोटींची भरपाई लादली. एवढा मोठा ठपका बसूनही नाल्याचा फेस हटलेला नाही. पाच देशांना जे साधले, ते एका जिल्ह्यातल्या महापालिकांना साधत नाही. यात पैशाची अडचण मला दिसत नाही. दिसते ती इच्छेची टंचाई.

कारखाने बंद पडतील, पोटावर पाय येईल, हे उत्तर ठरलेले असते. बाझलचा रासायनिक उद्योग बंद पडला नाही. सँडोझ १९९६ मध्ये सिबा-गायगीशी एक झाली आणि नोव्हार्टिस नावाने जगभर धंदा करते आहे. सांडपाणी साफ केल्याने उद्योग बुडत नाही. ते रात्री गुपचूप सोडून वाचवलेला पैसा मालकाच्या खिशात जातो आणि त्याची किंमत आमची फुप्फुसे आणि कोळ्यांची जाळी मोजतात.

रामसर हा करार आहे. १९७१ च्या या कराराचे तिसरे कलम सांगते की, प्रदूषणामुळे नोंदलेल्या पाणथळीचे नैसर्गिक स्वरूप बदलले, बदलू लागले किंवा बदलण्याची शक्यता असली, तरी सरकारने ते विनाविलंब कळवायचे आहे. वरच्या नाल्यांची मोजणी लोकांसमोर नसेल, तर कळवणार काय?

म्हणून खाडीसाठीच्या परदेशी निधीच्या प्रत्येक करारात आणि शास्त्रज्ञांच्या प्रत्येक संयुक्त प्रकल्पात एक अट घाला. बदलापूर-अंबरनाथपासून ऐरोली आणि वसईपर्यंत एकच मोजणी यंत्रणा हवी. प्रत्येक प्रक्रिया केंद्राच्या आणि मोठ्या नाल्याच्या मुखाशी ती चोवीस तास चालली पाहिजे आणि तिचे आकडे त्याच दिवशी मराठीत जाहीर झाले पाहिजेत. आगरी-कोळ्यांना देखरेख समितीत मताचा अधिकार द्या. मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याचे पाणी त्याच दिवशी तोडा. आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञांना ऐरोलीच्या होडीत बसवण्याआधी आमच्या नाल्यावर आणा. हे करायची तयारी नसेल, तर रामसरचा दर्जा मिरवण्याचा अधिकार या सरकारला नाही.