दारूकामानंतरची घटका
आतषबाजीच्या रात्री जलविहारास निघालेल्या नौकांना खरे भय असते ते आकाशातून पडणाऱ्या ठिणगीचे नव्हे, कारण दारूकाम ज्या तराफ्यावरून चालते त्याभोवती अमेरिकेचे तटरक्षक दल सामान्यतः मनाईचे क्षेत्र आखून बंदोबस्त ठेवते. ते असते अखेरचा बाण विझल्यानंतरच्या घटकेचे, जेव्हा दिपलेले डोळे अंधाराला सरावण्यापूर्वीच असंख्य नौका एकाच वेळी परतीला लागतात, किनाऱ्यावरील झगमगाटात त्यांचे तांबडे-हिरवे दिवे हरवतात आणि प्रत्येकीच्या मागे उसळणाऱ्या लाटा दुसरीवर आडव्यातिडव्या आदळतात. न्यू यॉर्कनजीक लाँग आयलंडच्या ऑयस्टर बे येथे ४ जुलै २०१२ रोजी स्वातंत्र्यदिनाचा सोहळा पाहून परतणारी ३४ फुटी नौका २७ माणसांसह उलटली आणि आतल्या कक्षात असलेली तीन मुले बुडाली, हे आठवले की मन विषण्ण होते. त्याहून विषाद वाटतो तो याचा की, वीस फुटांहून लांब नौकेवर किती माणसे घ्यावीत याचा फलक लावण्याची सक्ती तेथील संघराज्याच्या कायद्यात नाही. म्हणजे इतक्या जिवांची जोखीम सर्वस्वी सुकाणू धरणाऱ्याच्या विवेकावर सोपविलेली. तेव्हा जुलैत तिकडे नौकेवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे: धक्का सोडण्यापूर्वीच मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे चढवा, परतताना त्यांना आतल्या कक्षात निजवू नका, सुकाणूवर बसणाऱ्यास मद्य वर्ज्य करा, आणि गर्दी ओसरेपर्यंत नांगर उचलू नका.