उपनगरांचे मातीला देणे

मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत ओल्या कचऱ्याचा प्रश्न निघाला की चर्चा दुर्गंधी, डास आणि कचरागाडीच्या वेळा यांपलीकडे सहसा जात नाही. ओला कचरा वेगळा ठेवायचा तो शहर स्वच्छ राहावे म्हणून, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे कारण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कोबीची बाहेरची पाने, वाटाण्याची टरफले, केळीच्या साली यांना उपनगरातला गृहस्थ कचरा म्हणतो. वस्तुतः तो जुन्नर, निफाड अशा तालुक्यांतील जमिनीतून उचललेल्या भांडवलाचा एक हिस्सा असतो. उरलेला हिस्सा पोटात जाऊन यथाकाल गटारात पोहोचतो. शेतकऱ्याला भाजीची किंमत मिळते (कितपत मिळते, हा निराळा विषय). जमिनीला मात्र काहीही परत मिळत नाही.

झाड जमिनीतून नेमके काय घेते, याविषयी सुशिक्षितांतही बराच गोंधळ आढळतो. सतराव्या शतकात फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने वाळुंजाचे ५ पौंड वजनाचे रोप कुंडीत लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घालून वाढविले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले; कोरड्या मातीचे वजन मात्र अवघे २ औंस घटले. त्यावरून झाड पाण्याचेच बनते, असे त्याने ठरविले. हा निष्कर्ष चुकीचा होता, कारण झाडाच्या सुक्या वजनाचा फार मोठा भाग हवेतील कर्बवायूपासून तयार होतो. तथापि त्याने उपेक्षिलेल्या त्या दोन औंसांतच खरी मेख होती. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक आणि लोह-जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये यांचा पुरवठा मातीतून झाला नाही, तर हवा, पाणी आणि ऊन विपुल असूनही झाड वाढत नाही. नत्रावाचून प्रथिने होत नाहीत. स्फुरदावाचून पेशीतील ऊर्जेची देवघेव चालत नाही. पालाशावाचून पानांच्या रंध्रांची उघडझाप बिघडते. आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसलेले असते.

मूळ माती खात नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. केशमुळांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात जे विरघळले असेल तेवढेच आत शिरू शकते. नत्र सहज विरघळतो आणि म्हणूनच सहज वाहूनही जातो. शेतात टाकलेल्या युरियातील निम्म्यापेक्षा कमीच नत्र सामान्यतः पिकाच्या वाट्याला येतो. स्फुरदाची गोष्ट उलट आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो चुन्याशी जखडला जातो आणि मुळाच्या शेजारी असूनही त्याला मिळत नाही. मग मुळे आम्ल पाझरवून तो सोडवितात, किंवा आपल्याशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या तंतूंकडून तो आणवितात आणि मोबदल्यात बुरशीला साखर देतात. या बाजारात उधारी फारशी चालत नसावी.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वृक्षांना कोणी खताची गोणी घालीत नाही. तेथे पान गळते, कुजते आणि त्यातील द्रव्ये पुन्हा त्याच मुळांपर्यंत जातात. शेतीत हे चक्र तुटते, कारण पीक शेतात कुजण्यासाठी घेतले जात नाही. ते बाजारात जाते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धान्त विस्ताराने मांडला. लंडनसारखी शहरे खेड्यांतील जमिनीचे सत्त्व गटारांवाटे समुद्रात दवडीत आहेत, अशी कठोर टीकाही त्यानेच पुढे केली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मैल्यापासून तयार केलेले सोनखत आसपासच्या उसाच्या मळ्यांना जात असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते सोने डोक्यावर वाहण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते त्यांच्या हाती त्यातले काय पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. भुयारी गटारे आली हे योग्यच झाले. परंतु माणसाची त्या कामातून सुटका करताना मातीचे देणेही आपोआप फिटल्यासारखे समजले गेले.

मुंबईत हे देणे साठले कोठे, ते डोळ्यांनी पाहता येते. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासूनची. गोराईची २००७ मध्ये आणि मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली. शहरात रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि त्यात निम्म्याहून अधिक ओला असतो. देवनारपासून काही किलोमीटरांवर तुर्भ्याचा खत कारखाना १९६५ पासून उभा आहे. एका बाजूला शेतातून आलेला नत्र ढिगाऱ्यात कुजत पडावा आणि जवळच नैसर्गिक वायू जाळून हवेतील नत्र नव्याने पकडला जावा, हा योग एखाद्या पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम जुळवून आणल्यासारखा वाटतो. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोय या कारखान्याने केली, हे त्याला भूषणावहच आहे. मात्र तेथेही शहराकडून घेतले जाते ते पाणी.

यावर कंपोस्टचे उत्साही पुरस्कर्ते म्हणतात, युरिया सोडा आणि कंपोस्ट वापरा. गणित एवढे सोपे नाही. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो, नत्र असतो. किलोला सुमारे १३ रुपये पडले. शहरी कंपोस्टमध्ये नत्राचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. एका गोणीची बरोबरी करण्यासाठी दोन टन कंपोस्ट कसाऱ्याचा किंवा माळशेजचा घाट चढवून न्यावे लागेल. कोणता शेतकरी ते भाडे भरील? त्याने भरू नये, यातच त्याचा शहाणपणा आहे.

दोष शेतकऱ्याच्या हिशेबात नाही, त्याच्यापुढे ठेवलेल्या किमतींत आहे. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण आले. त्यातून युरिया वगळला गेला. परिणामी नत्र स्वस्त राहिला आणि स्फुरद व पालाश महागले. पिकाची वाढ मात्र सर्वांत अपुऱ्या द्रव्यावर अडते. जस्त कमी असेल तर नत्राची दुसरी गोणी व्यर्थ जाते. कंपोस्टचे मोल त्यातील नत्रावरून ठरविणे म्हणूनच चुकीचे आहे. त्यातील सेंद्रिय कर्ब पाणी धरून ठेवतो, जिवाणू जगवितो, जखडलेला स्फुरद सुटा होण्यास मदत करतो, आणि दिलेला युरिया वाहून न जाता मुळाशी थांबण्याची शक्यता वाढवितो. हा लाभ तीन-चार हंगामांनी दिसतो. वर्षाच्या बोलीने जमीन कसणाऱ्याला तेवढी वाट पाहणे परवडत नाही आणि बाजारात त्याला भावही नाही. अशाच ठिकाणी सार्वजनिक पैसा खर्च करावयाचा असतो. २०१६ मध्ये केंद्राने शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते. युरियाच्या गोणीवर सरकार सोसत आले आहे तो भार तिच्या विक्रीच्या किमतीच्या अनेक पट आहे. या दोन आकड्यांवरून धोरणाचा कल कोणीकडे, ते कळते.

आणखी एक अडचण आहे आणि ती उपनगरांच्या हातातली आहे. मुळाला निवड असते, पण ती फसू शकते. कॅडमियम जस्ताच्या वाटेने मुळात शिरते. लोहमार्गालगतच्या पट्ट्यांत नाल्याच्या पाण्यावर पालक आणि माठ पिकविलेले उपनगरातील प्रवाशांनी वर्षानुवर्षे गाडीच्या खिडकीतून पाहिले आहेत. तशा भाजीविषयीची चिंता याच कारणाने होती. कचऱ्यात विद्युतघट, रंगाचे डबे आणि काचा मिसळल्या, तर त्याचे कंपोस्ट घेऊन जमिनीचे हितच होईल, असे शेतकऱ्याला कोणी सांगू शकणार नाही. वर्गीकरण स्वयंपाकघरातच व्हावे लागते. पुढे ते होत नाही.

महापालिकेने २०१७ मध्ये २०,००० चौरस मीटरांहून मोठ्या किंवा रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची व्यवस्था आवारातच करण्यास फर्मावले. जेथे ती झाली तेथे कंपोस्ट संकुलाच्याच बागेत पडते. क्रोटन आणि शोभेच्या तगरीला एवढ्या खताची गरज नसते. ते जुन्नरच्या टोमॅटोला हवे आहे. प्रत्येक टन कचरा उचलून क्षेपणभूमीपर्यंत नेण्यास महापालिकेला खर्च येतो. संकुलाने तो वाचविला, तर ती रक्कम त्याच टनाच्या कंपोस्टच्या तपासणीसाठी आणि घाटापलीकडच्या वाहतुकीसाठी लावण्यात तत्त्वतः अडचण दिसत नाही. भाजी घेऊन वाशीच्या बाजारात येणाऱ्या मालमोटारी परत त्याच तालुक्यांत जातात. त्यांच्या परतीच्या भाड्याचा दर काढून अंदाजपत्रकात एक ओळ घालणे, एवढेच काम पहिल्या वर्षी करावे लागेल.