त्यांची पोथी, आमची वही

लातूरच्या एका व्याख्यानमालेत परवा एका विद्वानांनी आमच्या पूर्वजांची झाडाझडती घेतली. म्हणणं थोडक्यात असं: मध्ययुगीन युरोपातल्या नाइटाला कर्तव्यांची संहिता होती. दुबळ्याचं रक्षण, स्त्रीचा मान, धन्याशी इमान. आमचा शिपाई लढला तो पगारासाठी, लुटीसाठी, वतनासाठी. म्हणून आपल्याकडे सरदार झाले, नाइट झाले नाहीत. टाळ्या पडल्या. पाहुण्याला टाळ्या देताना लातूरकर हात आखडत नाहीत.

आता तुलना कशी झाली ते पाहा. तिकडची पोथी काढली आणि इकडची हजेरीची वही. तिकडचा लान्सलॉट, इकडचा पगारी घोडेस्वार बारगीर. मोंढ्यात एखाद्या आडत्यानं असा काटा मारला असता तर शेतकऱ्यांनी त्याची गचांडी धरली असती. बरं, पोथीच हवी तर ती नीट वाचावी. आर्थर राजाचा हा नाइटशिरोमणी लान्सलॉट धन्याच्या राणीच्याच प्रेमात पडतो आणि त्या भानगडीत राज्याचा बोऱ्या वाजतो. काय ते इमान! या कथांचा इंग्रजीतला सर्वांत गाजलेला ग्रंथ 1485 साली छापला गेला. तो लिहिणारा थॉमस मॅलरी स्वतः नाइट होता आणि लिहिताना कैदेत होता.

आणि वही हवी? मग त्यांचीही उघडू. 989 साली फ्रान्समध्ये शारू इथं बिशपांची सभा भरली. चर्च लुटणारा आणि गरिबाची गुरंढोरं पळवणारा धर्मबहिष्कृत, असं तिथं ठरलं. ही गुरं कोण पळवत होतं? घोड्यावरचे हत्यारबंद लोकच की! पुढं त्यांना भर सभेत शपथा घालाव्या लागल्या. दुबळ्याच्या रक्षणाचं कलम नाइट पाळत होते म्हणून नाही, पाळत नव्हते म्हणून लिहावं लागलं. वक्त्यांनी बोटांवर मोजून दाखवलेल्या नाइटाच्या त्या दहा आज्ञा तर लेओं गोतिए या फ्रेंच अभ्यासकानं 1884 सालच्या पुस्तकात मांडल्या. तोवर नाइटांचा जमाना मागे पडून शतकं लोटली होती.

पगाराचं म्हणाल, तर नाइटही जमिनीच्या तुकड्यावरच लढायचा. गनिमी कावा म्हणजे भ्याडपणा, हे जुनं तुणतुणंही मध्येच वाजलं. त्याला उत्तर देण्याची हौस आता फिटली.

पण पगारी माणसाला इमान नसतं, हे सोडवत नाही. उदगीर आमच्याच जिल्ह्यात आहे. 1760 साली तिथं सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, तेव्हा भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. हा आधी निजामाच्याच चाकरीत, म्हणजे वक्त्यांच्या हिशेबी पक्का भाडोत्री. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.

मग आमच्याकडे कर्तव्य कुठं लिहिलंय? शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र वाचा. रयतेचं दाणागवत, भाजीपाला जुलमानं आणू नका, विकत घ्या, एवढ्यावर ते थांबत नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, हीसुद्धा काळजी त्यात आहे. लान्सलॉटला गवताची गंजी माहीत होती का?

दगडावर कोरलेलं हवं, तर वीरगळ पाहा. तळाशी झुंज, कुठं पळवलेली गुरं सोडवताना. वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याहून वर तो महादेवाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नावही नाही. गावासाठी मेला, एवढ्यावर दगड उभा राहिला.

आणि नांदेडला शिखांची हल्लाबोलाची मिरवणूक दसऱ्याला आजही निघते. निहंग घोडे आणि शस्त्रं घेऊन येतात, तिकडे लंगरही चालूच असतो. वक्त्यांनी एकदा त्या पंगतीत बसावं. तिथं कुळ कोणी विचारत नाही; नाइट होणाऱ्याला मात्र बहुधा ते आधी दाखवावं लागायचं.