वाळूतला पाहुणचार

जैसलमेरच्या किल्ल्याची पिवळी तटबंदी मागे पडली की पश्चिमेकडचा रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंची झाडे विरळ होत जातात. सुमारे चाळीस किलोमीटरांवर सम नावाचे गाव लागते. डिसेंबरच्या अखेरीस इचलकरंजीचे एक कुटुंब या रस्त्याने निघाले होते : यंत्रमागाचा व्यवसाय करणारा मुलगा, सून, तेरा वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. किल्ल्यातील मंदिरे आदल्या दिवशी पाहून झाली होती. त्या सकाळी लोद्रव्याच्या पार्श्वनाथांचे दर्शन झाले. लोद्रवा ही भाटी राजांची जुनी राजधानी; रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये नवा किल्ला बांधला आणि राजधानी तिकडे नेली. आजींच्या लेखी यात्रा तिथेच पूर्ण झाली होती. पुढची एक रात्र वाळूत काढायची, हा नातवाचा हट्ट होता.

छावणीतला तंबू आता केवळ नावाला तंबू राहिला आहे. खाली सिमेंटचा ओटा, वर दुपदरी कापड, आत कोरीव पलंग, गालिचा, हवा गरम करणारे यंत्र आणि मागच्या पडद्याआड फरशी घातलेले स्नानगृह. मुलाने दोन महिने आधी ठरवलेल्या या तंबूत अंघोळीसाठी मोठा टबही होता. नातवाला तो वाळूच्या टेकड्यांहून अधिक आवडला. समच्या परिसरात अशा अनेक छावण्या आहेत. धंद्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच. उन्हाळ्याची लू सुरू झाली की पाहुणे येत नाहीत, नोकर गावी परततात आणि गुंतवलेले भांडवल सहा महिने निजून राहते. म्हणून हंगामातील प्रत्येक रात्रीकडून दोन रात्रींची कमाई करून घ्यावी लागते. दर ऐकून डोळे विस्फारणाऱ्याने घसाऱ्याचा हा हिशेबही ध्यानात घ्यावा.

छावणीचे वेळापत्रक ठरलेले होते. चारला चहा, पाचला उंटाची फेरी, सहाच्या सुमारास टेकडीवरून सूर्यास्त, सातला गाणे-बजावणे आणि साडेआठला जेवण. आजींनी ते शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "मग माझं जेवण?" सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा. आजारपणातही तो मोडला नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, एक दिवस फळांवर..." आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिथेच थांबला. सगळे जग ज्या घटकेला टेकडीवर जाते, नेमक्या त्याच घटकेच्या आत आजींचे ताट आटोपायला हवे होते.

व्यवस्थापकाने मान हलवली. भोजनकक्ष आठच्या आधी उघडत नाही, असे त्याचे म्हणणे. मार्ग काढला तो आचाऱ्याने. बाडमेरकडचा हा गृहस्थ पदराला हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "जैन जेवण ना? पावणेपाचला ताट वाढतो. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही." गुजरात, मुंबईकडचे पाहुणे येऊन येऊन हे शब्द त्याला पाठ झाले होते. त्याने वाढलेल्या ताटात बाजरीची भाकरी, कढी, मुगाची खिचडी आणि केर-सांगरीची भाजी होती. केर हे काटेरी झुडपाचे फळ, सांगरी ही खेजडीची शेंग. दोन्ही हंगामात वाळवून ठेवतात आणि लागतील तेव्हा भिजवून शिजवतात. जिथे ताजी भाजी हीच दुर्मीळ वस्तू, तिथला स्वयंपाक वाळवणावर उभा राहिला आहे. आजींनी भाजी दोनदा मागून घेतली. सांडग्या-कुरडयांची सवय असलेल्या हाताला वाळवणाची चव समजावून सांगावी लागत नाही.

जेवणाआधी त्यांनी नेहमीप्रमाणे तंबूतल्या नळाला दुपदरी फडके बांधले. पाणी गाळून झाल्यावर फडक्यात पिवळी बारीक वाळू राहिली. ताट घेऊन आलेल्या तरुणाला त्यांनी विचारले, "हे पाणी कुठलं?"

"टँकरचं, माँजी. कालव्याचं."

त्या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. पंजाबातील हरिके येथे सतलज-बियासच्या संगमाखाली अडवलेले पाणी या वाळवंटात आणण्याच्या कामाचा पाया १९५८ मध्ये घातला गेला आणि ते जैसलमेर जिल्ह्यात पोहोचायला १९८७ उजाडले. आज इंदिरा गांधी कालवा या नावाने तो ओळखला जातो. हिमालयातला बर्फ वितळून निघालेले हे पाणी शेकडो किलोमीटर वाहत येते आणि शेवटचा टप्पा टँकरने पार करून टबात पडते.

आणि त्याआधी? आजींनी तेही विचारले. तो तरुण उत्तरेकडच्या एका ढाणीतला, म्हणजे वाडीतला होता. त्याच्या आजोबांच्या वेळी घराजवळ बेरी होती, असे त्याने सांगितले. आजींना बेरी म्हणजे लहान विहीर असे वाटले. ते अर्धेच बरोबर होते.

या भागात पाऊस वर्षाला पंधरा-वीस सेंटीमीटरांच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला तो पाच मीटरांहून अधिक पडतो, यावरून अंतर कळावे. खोल विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी खारे. पण इथल्या लोकांनी पाण्याचे दोन नव्हे, तीन प्रकार ओळखले. पावसाचे थेट मिळते ते पालर, पाताळातून उपसावे लागते ते पाताळपाणी, आणि या दोहोंच्या मधले रेजाणी. काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा, म्हणजे खडीचा थर असतो. पावसाचे मुरलेले पाणी त्या थरावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते वाळूच्या कणांत ओल बनून राहते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. वाळूला भेग पडत नाही. कण सुटे राहतात, वरची वाळू तापते आणि खालची ओल जपते. मुदत ठेवीसारखी ती तिथे पडून असते. अरुंद तोंडाची बेरी त्या थरापर्यंत खणली की चहूबाजूंनी थेंब पाझरून तळाशी जमतात. दिवसाकाठी दोन-तीन घागरी, त्याहून जास्त नाही. खणणारा माणूस खाली जेमतेम बसू शकतो. वर उभे असलेले लोक मूठभर वाळू जोराने खाली फेकत राहतात, म्हणजे तिच्याबरोबर ताजी हवा तळाशी पोहोचते. वाळू डोक्यावर पडते म्हणून तो धातूचे भांडे टोपीसारखे घालतो. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५च्या पुस्तकात हे शास्त्र नोंदवून ठेवले आहे. शिकलेल्या अभियंत्यांनी ते वाचताना खाली मान घालावी, इतक्या साध्या भाषेत.

"आता बेरी आहे का?" आजींनी विचारले. बुजली, तो म्हणाला. टँकर येतो.

साडेपाचला सगळे टेकडीकडे निघाले. पाण्याची छोटी बाटली आजींच्या पिशवीत होती. सूर्य असेपर्यंत दोन घोट घेता येणार होते. त्या उंटावर बसल्या नाहीत. उंटवाल्याने त्यांना हाताला धरून वाऱ्याच्या बाजूने वर नेले. त्या बाजूचा चढ सावकाश असतो आणि वाळू दाबून घट्ट बसलेली असते. पलीकडची, आडोशाची बाजू उभी आणि पायाखाली ढासळणारी. नातू त्या उभ्या बाजूने धावत गेला आणि तीन पावले चढून दोन पावले खाली येत राहिला.

उंटवाल्याकडे एकच उंट उरला होता. वडिलांकडे तीस होते, असे तो सांगत होता. त्याचे रडगाणे म्हणून हे सोडून देता येत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते; २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. जीप आली, पेट्रोल आले, चराऊ राने आटली. त्यात एक कारण असे आहे की जीवदया मानणाऱ्या वाचकालाही ते अस्वस्थ करील. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू ठरवले आणि पुढच्या वर्षी कायद्याने त्याची कत्तल आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू रक्षणाचा होता. पण बाहेरचा ग्राहक तुटला तसे मेळ्यांतले भाव कोसळले, आणि ज्याला विकता येत नाही तो प्राणी गरीब पशुपालकाने पोसायचा कसा, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरच राहिला. आजींनी उंटाच्या मानेवर हात ठेवला. सूर्य क्षितिजाला टेकण्याआधी त्यांनी उरलेले पाणी संपवले, हात जोडले, आणि मग अगदी रिकाम्या हातांनी तो गोळा बुडताना पाहिला. आजूबाजूच्या बहुतेकांच्या हातात दूरध्वनी होते.

रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात सांगितलेले बरे. कालबेलिया नृत्य झाले; युनेस्कोने २०१० मध्ये वारसा म्हणून नोंदवलेले हे नृत्य चित्रपटगीतांच्या ठोक्यावर नाचवले गेले. मांगणियारांपैकी एका वृद्धाजवळ कमायचा होता. बकऱ्याच्या कातड्याने मढवलेल्या गोल पोटाचे हे तंतुवाद्य. हे गायक मुसलमान; पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गात आलेले. त्यांच्यातील कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या रात्री ध्वनिवर्धकापुढे कमायचा कुणालाच ऐकू आला नाही. समचा हा भाग १९८०-८१ पासूनच्या मरू राष्ट्रीय उद्यानाशी जोडलेला आहे. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले तोच माळढोक इथे गोडावण म्हणून राहतो आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. देशात आता तो शे-दीडशेच्या आसपास उरला आहे. एवढ्या लाजाळू पक्ष्याच्या शेजारी एवढा आवाज कशासाठी, हे कुणीतरी विचारायला हवे होते.

नऊनंतर थंडी एकदम वाढली. कोरड्या, निरभ्र हवेत वाळूने दिवसभर घेतलेली उष्णता भराभर आकाशात निघून जाते. नातवाने गरम पाण्याने टब काठोकाठ भरला आणि अर्धा तास त्यात डुंबला. शेजारच्या तंबूंतूनही पाणी पडल्याचे आवाज येत होते. वर्षअखेर असल्याने छावणी भरलेली होती.

झोपण्यापूर्वी आजी उठल्या आणि स्नानगृहातली बादली नळाखाली लावून भरून ठेवली. सून म्हणाली, "आई, इथं कशाला? चोवीस तास पाणी आहे." आजी म्हणाल्या, "असू दे. सवय आहे." काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात संसार केलेल्या बाईचा तो हात होता. बादली भरल्यावर त्यांनी तिच्यावर ताट झाकले.

सकाळी साडेसातलाही बाहेर नीट उजाडले नव्हते. देशाच्या पश्चिम टोकाला घड्याळ सूर्याच्या पुढे धावते. मुलाने नळ सोडला. नळ खोकला आणि गप्प झाला. टाकी रात्रीतच संपली होती आणि टँकर नऊनंतर येणार होता. कार्यालयापुढे पाहुणे जमले. कुणी साबण लावलेल्या अवस्थेत होते, कुणी पैसे परत मागत होते. मुलगाही तावातावाने बोलून आला. कालचा तरुण प्रत्येकाचे ऐकून घेत होता. उत्तर देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

तंबूत चार माणसे आणि एक बादली होती. आजींनी वाटप केले. दोन तांबे प्रत्येकाच्या तोंड-हातपायांना, एक तांब्या गाळून उकळायला, उरलेले शौचालयात. स्वतः त्यांनी ओला पंचा फिरवून अंग पुसले आणि जपाला बसल्या. नातू कोरड्या टबाच्या काठावर बसून दात घासत होता. त्याने चूळ भरायला दुसरा पेला मागितला. आजींनी दिला, पण अर्धाच.

टँकर साडेनऊला आला. त्याच्या मागच्या झडपेतून पाणी ठिबकत होते. त्या तरुणाने जराही वेळ न घालवता तिच्याखाली पत्र्याचा डबा सरकवला. त्या सरकवण्यात घाई होती, तशी सरावाची सहजताही होती. आजींनी ते गाडीत बसता बसता पाहिले आणि परत उतरून त्याच्या हातात काही नोटा ठेवल्या. तो घेईना. "माझ्या नातवाच्या अंघोळीचे," त्या म्हणाल्या. तेव्हा त्याने घेतल्या.

मुलाने बिल नेहमीप्रमाणे ओळीनिशी तपासले. तंबू, उंट, जीप, शेकोटी, कर. पाण्याच्या चार बाटल्या वेगळ्या मांडल्या होत्या.