टिपागडची वाट

धानाची मळणी उरकली, की दोन-तीन दिवसांची शिदोरी बांधून टिपागड पाहून यावा. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व कडेला, छत्तीसगडच्या सीमेजवळचा हा डोंगरी किल्ला गोंडांच्या पुराम राजाचा, असे लोक सांगतात. पडक्या तटाइतकाच माथ्यावरचा तलावही नीट पाहा. पाण्यावाचून तट कोणाच्या कामाचा?

निघण्याआधी वनखात्याला व पोलीस ठाण्याला कळवा. रान दाट, पाऊलवाटा फसव्या. म्हणून पायथ्याच्या गावातला जाणता वाटाड्या घ्या, त्याला दिवसाची मजुरी द्या. धनाच्या लोभाने दगड उकरू नका.

मुक्कामी मच्छरदाणी लावा. परतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर अंगावर काढू नका; त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. इकडचा हिवताप जीव घेतो.